दुसऱ्यांदा ओवाळलेला तुकडा

ही गोष्ट माझ्याच घरात घडलेली आहे. कुणाच्या मावसबहिणीच्या शेजारणीकडून ऐकलेली नाही. इरा माझी मुलगी नसती, तर कदाचित मीही हसून सोडून दिली असती.

यात मध्यरात्र नाही, अमावस्या नाही. सगळं भर दिवसा घडलंय. ऑकलंडमध्ये, न्यू लिनच्या आमच्या भाड्याच्या घरात, खिडकीतून छान ऊन येत असताना.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

माझा नवरा क्षितिज इथे आयटीत आहे. इरा चार वर्षांची. मराठी सगळं कळतं तिला, उत्तरं इंग्लिशमध्ये येतात. गेल्या सप्टेंबरात क्षितिजची धाकटी बहीण सिद्धी एकटीच युरोप फिरायला निघाली. लिस्बन, सेव्हिल, बार्सिलोना, नीस. थोडी शहरं, थोडे बीच. मग आमच्याकडे महिनाभर, आणि मग परत पुणे.

रोज फोटो यायचे. पिवळ्या ट्राम, निळं पाणी, हातात आइस्क्रीम, आणि तिचं ते सगळे दात दाखवणारं हसू.

सेव्हिलपासून पुढच्या फोटोंत हसू नव्हतं.

आणि डावा हात कायम जॅकेटच्या खिशात...

मला वाटलं, दमली असेल.

ती ऑकलंडला उतरली तेव्हा एअरपोर्टवर तिला बराच वेळ लागला. इथे बाहेरची माती आत येऊ देत नाहीत. तिचे बूट आणि बॅगेतल्या चपला ऑफिसरने आत नेऊन ब्रशने घासून धुतल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा.

घरी पोचायच्या आधी सासूबाईंचा पुण्याहून फोन आला. लेक इतक्या लांबून येतेय, तुकडा ओवाळल्याशिवाय आत घेऊ नकोस म्हणाल्या. लांबून आलेल्या माणसाबरोबर वाटेतलं काही घरात येऊ नये, म्हणून दारातच भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं. भाकरी कुठून आणणार? मी टोस्टच्या ब्रेडचा तुकडा घेतला. क्षितिज म्हणाला, निदान मल्टीग्रेन तरी घे, भुतांच्या तब्येतीला बरं.

मी सिद्धीवरून तुकडा ओवाळला, लॉनवर टाकला. दोन साळुंक्या लगेच भांडत आल्या.

तेवढ्यात इरा माझा कुर्ता ओढायला लागली.

"डू हर टू, मम्मा."

तिचं बोट सिद्धीच्या डाव्या हाताकडे होतं. हाताच्या खाली... जिथे कुणीच नव्हतं.

इराच्या किंडीमध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, तेव्हा सगळ्या मुलांना खोट्या-खोट्या मैत्रिणी होत्या. मला वाटलं, हाही तसलाच खेळ. मी आणखी एक तुकडा मोडला, त्या रिकाम्या जागेवरून लाडाने ओवाळला आणि म्हटलं, "चला बाई, आता दोघीही आत या."

क्षितिज हसला. इरा हसली.

सिद्धी नाही हसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वहिनी, हे कशाला केलंस?"

मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, काही नाही, झोप आलीये.

तो दुसरा तुकडा लॉनवर पडून राहिला. साळुंक्या आल्या, त्याच्याभोवती फिरल्या आणि निघून गेल्या. पुढचे कित्येक दिवस तो तिथेच होता. पावसात फुगला, उन्हात वाळला.

कुणी शिवलं नाही त्याला.

मग वाळू सापडायला लागली.

आधी बाथरूममध्ये. मग सोफ्याच्या फटीत. मग इराच्या उशीखाली. बारीक, पांढरट वाळू. मी म्हटलं, आपणच पिहाच्या बीचवरून आणली असणार. व्हॅक्यूम काढलं, साफ केली.

आणि हातातलं काम तिथेच थांबलं.

पिहाची वाळू काळी असते. आमच्या बाजूचे सगळेच बीच काळ्या वाळूचे. आणि सिद्धीचे बूट तर माझ्यासमोर बाहेर आले होते, नव्यासारखे धुतलेले.

एका दुपारी मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन बसले होते. मागे पावलं वाजली. अनवाणी, छोटी, ओली... पॅसेजमधून पळत आली आणि माझ्या खुर्चीमागे थांबली.

"थांब गं राणी, मम्माचं काम चाललंय," मी मागे न बघता म्हटलं.

दोन मिनिटांनी आठवलं. इरा किंडीत होती.

मागे वळून बघायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. मागे कुणी नव्हतं. फरशीवर चिमूटभर वाळू होती.

त्या दिवशी मी सिद्धीला समोर बसवलं. आधी उडवाउडवी केली तिने. मग रडायलाच लागली.

पोर्तुगालमधल्या एका लहानशा बीचवर, संध्याकाळी, लोक पांगत असताना, पाण्याच्या कडेला एक छोटी मुलगी एकटीच उभी होती. सिद्धीने इकडेतिकडे बघितलं. आईबाप कुणी दिसेनात. मुलीने येऊन तिची दोन बोटं धरली. आपण पोरांशी बोलतो तसंच सिद्धी बोलून गेली, अगदी मराठीत.

"चल, माझ्याबरोबर चल."

वरच्या कॅफेपर्यंत तिला नेऊन कुणाच्या तरी ताब्यात द्यावं, एवढाच विचार होता. कॅफेच्या दारात पोचली तेव्हा हातात कुणी नव्हतं.

"पण बोटं सुटली नाहीत, वहिनी. अजून सुटली नाहीत."

सेव्हिलच्या हॉस्टेलमध्ये नाश्त्याला तिच्यासमोर न मागता दोन प्लेट आल्या. बार्सिलोनाच्या बसमध्ये एका म्हातारीने वाकून, तिच्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून गोड हसून हात हलवला...

मी सिद्धीची ती दोन बोटं हातात घेतली. फ्रीझरमधून काढल्यासारखी होती.

ऑक्टोबरातल्या लेबर वीकेंडच्या सुट्टीत क्षितिजने पिहाला जायचा हट्ट धरला. घरात बसूनच तुम्हाला हे असलं सुचतं, म्हणाला. मी इराचा हात क्षणभरही सोडायचा नाही असं ठरवून गेले होते.

थर्मासचं झाकण उघडायला एकदाच सोडला.

मान वर केली तेव्हा इरा पाण्याकडे चालली होती. पळत नव्हती. सावकाश, शहाण्या मुलीसारखी. एक हात बाजूला, थोडा उचललेला. कुणीतरी तिच्याएवढंच बरोबर असावं, तसा...

मी हाका मारत धावले. ती वळलीच नाही. पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं होतं. मी तिला मागून उचललं तेव्हा, खरं सांगते, ती मला जड लागली.

एकटी असते त्याहून जड.

"हर मम्मी'ज इन द वॉटर," इरा थरथरत म्हणाली. "वी वर गोइंग टू लुक."

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. दारातल्या तुकड्यापासून.

"तुकडा घरच्या माणसावरून ओवाळतात गं," त्या म्हणाल्या. "तू तिला घरची करून घेतलीस."

मग मीठमोहऱ्या झाल्या, सँड्रिंगहॅमच्या भारतीय दुकानातून नारळ आणून उतरवून झाला. वाळू येतच राहिली.

मला एकच आशा होती. सिद्धी परत जाईल, तेव्हा जे तिच्याबरोबर आलंय ते तिच्याबरोबर जाईल. वाईट विचार आहे, माहीत आहे. पण मला माझी मुलगी दिसत होती फक्त.

नोव्हेंबरात मी आणि इरा सिद्धीला एअरपोर्टवर सोडायला गेलो. आत जाता जाता सिद्धी थांबली. डावा हात वर केला, बोटं हलवून बघितली. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता. पण माझ्याकडे बघितलं आणि तो गेला.

"वहिनी... माझी बोटं गरम झालीयेत."

परतताना इरा मागे तिच्या कारसीटमध्ये. मोटरवेला लागलो आणि गाडी वाजायला लागली.

टिंग... टिंग... टिंग...

मागच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की वाजते तशी. इराचा बेल्ट लावलेला होता. स्क्रीनवर लाल दिवा तिच्या शेजारच्या सीटचा होता.

मी हिल्सबरोला मोटरवेवरून बाहेर पडले, कडेला थांबले. मागचं दार उघडलं. रिकाम्या सीटवर पांढरी वाळू.

इरा माझ्याकडे बघत होती. मला फक्त एवढंच दिसत होतं, की आता ती नेईल तर इराला नेईल.

मी बेल्ट ओढला आणि त्या रिकाम्या सीटवर लावला. आईने लावावा तसा, नीट, पीळ काढून.

आवाज बंद झाला.

"शी लाइक्स यू, मम्मा," इरा म्हणाली. "शी डझन्ट वॉन्ट टू लुक एनीमोर."

क्षितिजने गाडी दाखवून आणली. सेन्सर ठीक आहे. इरा आता पाण्याकडे बघतही नाही, एकटी खेळते, छान झोपते. किंडीतून तक्रार नाही. सगळे म्हणतात, संपलं ना मग?

आत्ता सकाळचे अकरा वाजलेत. इरा किंडीत आहे, घरात मी एकटी. बाहेर लख्ख ऊन आहे.

आणि हे सगळं मी उजव्या हाताने टाइप करतेय.

डाव्या हाताची दोन बोटं मघापासून कुणीतरी धरून ठेवलीयेत...