मंगळवारची तपासणी

लोकांच्या भानगडींचा छडा लावणाऱ्या दाजींच्या घरी तपासनीस बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या होत्या. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचा दाब मोजणं हे त्यांचं दवाखान्यातलं काम. महिन्यापूर्वी, एका मंगळवारी सकाळी, डोळ्यापुढे अंधारी येते म्हणून पाठवलेल्या घड्याळजीचा दाब त्यांनी मोजला आणि रक्तपुरवठा उत्तम असल्याचं लिहिलं. परवा त्याचा उजवा डोळा गेला. डोळ्याला रक्त पुरवणारी मानेतली नस केव्हाचीच तुंबलेली होती.

"उद्या मला काढून टाकतील," बाई म्हणाल्या. "पण डोळा दाबत गेले, पडद्यावरची नस उडायला लागली, तेव्हाचा आकडा मी स्वतः पाहिलाय."

दाजींनी विचारलं, "आधी थेंब घालता?"

"हो. बाहुली मोठी होते. संध्याकाळपर्यंत जवळचं धूसर दिसतं."

मेहुण्याने हे वहीत टिपलं. बहीण गेल्यापासून तो दाजींकडेच राही. त्या घरात बोलणं होई ते अशा कामापुरतंच.

डॉक्टरांनी सगळा दोष बाईंवर ढकलला. घड्याळजी आपल्या दुकानात काळ्या चष्म्याआडून म्हणाला, तपासणी झाली, थेंब झोंबलेसुद्धा. दाजींनी त्याची दुरुस्तीची वही चाळली. त्याच मंगळवारी दुपारी त्याने एका मनगटी घड्याळात केसाएवढी स्प्रिंग बसवली होती.

दुकानावरच्या माडीवर त्याचा धाकटा भाऊ एकटाच राहत होता. चेहरा थोरल्याचाच. दोघांत चार वर्षं अबोला. कशावरून, ते त्यालाही धड सांगता येईना. कोपऱ्यात वर्तमानपत्रांची चळत होती. रोज दुपारच्या जेवणानंतर सोडवलेलं शब्दकोडं प्रत्येकात भरलेलं. त्या मंगळवारचं तेवढं कोरं.

दुसऱ्या दिवशी दाजींनी सगळ्यांना दुकानात बसवलं.

"थेंब घातलेल्या डोळ्यांनी ती स्प्रिंग बसत नाही. म्हणजे तपासणीच्या खुर्चीत दुसराच कोणी होता. त्या दुपारी वाचता कोणाला आलं नाही, ते माडीवरच्या चळतीत दिसतं. बाईंनी घड्याळजीला आधी पाहिलं नव्हतं. आकडा बरोबर आहे, डोळा धाकट्याचा आहे."

"पण दाजी, हे दोघं बोलत नाहीत," मेहुणा म्हणाला.

"तिथंच माझं घोडं अडलं होतं."

घड्याळजीने मान खाली घातली. डोळे अधू म्हणून बोभाटा झाला असता तर दुरुस्तीला घड्याळ कोणी दिलं असतं? म्हणून त्याने आपलं दवाखान्याचं कार्ड भावाच्या हातात ठेवून त्यालाच तपासणीला पाठवलं होतं.

बाईंचा जीव भांड्यात पडला, पण त्यांना राग आवरेना. त्या धाकट्याकडे वळल्या. "आणि तुम्ही कशाला म्हणून विचारलंही नाहीत?"

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं.

"चार वर्षांनी दादा जिना चढून वर आला होता, बाई. म्हटलं, विचारलं तर तसाच माघारी जाईल."