अकरा महिन्यांचं घर

आईच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस आम्ही दोघींनी टेम्पोत बसून काढला.

१९९९चा नोव्हेंबर होता. राजारामपुरीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आम्हाला अकरा महिने पूर्ण झाले होते. घरमालक भीमाप्पांचा नियम असा, की अकरा महिने भरले की भाडेकरूनं एक दिवस घर रिकामं करायचं. सामान बाहेर, दाराला त्यांचं कुलूप. दुसऱ्या दिवशी नवा करार, आणि सामान परत आत. त्यांच्या वडिलांची सीमेकडची आठ एकर जमीन कुळाच्या नावावर झाली होती. तेव्हापासून कुणी एका जागी फार दिवस टिकलं, की भीमाप्पांची झोप उडायची.

"शेतावर कूळ लागलं, ते समजू शकते," मी म्हणाले. "पण दोन खोल्या आणि एका मोरीवर?"

"अप्पांना असलं इचारू नका, मॅडम," स्टिअरिंगवरून सोमशेखर म्हणाला. "देवळाबाहेर त्यांच्या चपलांशेजारी दुसऱ्या कुणी चपला काढल्या, तरी हे आपल्या उचलून लांब ठेवत्यात."

सोमशेखर भीमाप्पांचा धाकटा मुलगा. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती आणि आमचा संसार त्या एका दिवसापुरता अडतीच्या गोदामात जाणार होता. आई आमच्या दोघांच्या मधे, मांडीवर देवांचा डबा घेऊन. तिच्या डोक्यावरून सोमशेखर माझ्याकडे बघत होता. मी रस्त्याकडे बघत होते. तरी तो बघतोय हे मला कसं कळलं... ते जाऊ दे.

"समोर बघ की रं," आई म्हणाली. "माझं देव हायत मांडीवर."

तो लाल झाला. आई डब्यावर हात ठेवून गप्प हसली.

आई मूळची गारगोटीची. लग्नानंतर तीस वर्षं मुंबईत काढली, तेव्हा ती माझ्यासारखंच बोलायची. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरली आणि दुसऱ्या वाक्याला "मी येतो, तू थांब" म्हणाली, इकडच्या बायका म्हणतात तसं. बाबा गेल्यावर डोंबिवलीतल्या एका खोलीचं भाडं बावीसशेवर गेलं होतं. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निम्मा पगार छपरालाच जायचा. एक दिवस आई एकटीच कोल्हापूरला जाऊन आली आणि चहा गाळता गाळता म्हणाली, "सहाशे. दोन खोल्या, मोरी आत, दोन्ही वेळ पाणी."

"सहाशे? खोट काय आहे त्या घरात?"

"खोट तुझ्या डोक्यात आहे."

गारगोटीला का नको, हे मी विचारलं नाही. बहीण कायमची माहेरी राहायला आली, की भावांना आधी सातबारा आठवतो.

सहाशे या आकड्यावर मी मुंबईची नोकरी सोडली. कोल्हापुरात छापखान्याची नोकरी मिळाली, पण पगार निम्म्याच्या आसपास. तरी घर चालत होतं. आणि तेच मला खटकत होतं. मुद्रितशोधन हा संशयाचा धंदा आहे. ओळ अगदी बिनचूक दिसली, की मी ती पुन्हा वाचते.

सोमशेखरला तर मी पहिल्या भेटीतच चोर ठरवलं होतं. आम्ही सामानासकट स्टँडवर उतरलो, आई मागे गाठोडी मोजत होती, तेव्हा एक उंच माणूस न विचारता माझी पेटी उचलून चालायला लागला. मी ओरडले. चार माणसं जमली. पेटी खाली ठेवून, धापा टाकत तो म्हणाला, "चोर असतो तर पुस्तकांची पेटी उचलली असती का? पुस्तकं हायत का दगडं?"

घरमालकाचा मुलगा. आम्हाला न्यायला आला होता. आईनं त्याला फोटो दाखवून माझ्या कपाळावरची खूण सांगितली होती म्हणे.

त्यानंतर तो काही ना काही घेऊन वरच्या मजल्यावरून खाली येत राहिला. कधी काकवी, कधी म्हशीचं तांब्याभर दूध, कधी नव्या गुळाचा खडा. मी दर वेळी विचारायचे, "किती द्यायचे?"

"मॅडम, दर न इचारता खाल्लं तर पोट दुखत न्हाय कोल्हापुरात."

"मुंबईत दुखतं."

"मग औषध म्हणून खावा."

मी खायचे. तो दारातच रेंगाळायचा... काय वाचताय, संपलं का, शेवट कसा आहे. शेवट मी कधी सांगत नसे. तो हट्टानं पुस्तक मागून न्यायचा आणि चार दिवसांनी गुळाच्या बोटांचे ठसे घेऊन परत द्यायचा. नंतर एकटी असताना मी ते ठसे बघत बसायचे, हे त्याला कधीच कळलं नाही.

पण दर महिन्याच्या एक तारखेला तो आणि आई बोळात हळू आवाजात बोलत. मी आले, की दोघंही गप्प. आई पदर सारखा करायची, तो चप्पल शोधायचा. माझ्या मनात नाही नाही ते यायचं. हा आईला काही गुंतवणुकीत तर ओढत नाही? की माझ्या लग्नाचं काही... आणि ते दुसरं वाटलं, की मी जास्तच चिडायचे.

त्या नोव्हेंबरच्या दिवशी सामान गोदामात उतरवून आम्ही परत आलो. खाली कुलूप होतं. सोमशेखरची आई शांतव्वा जिन्यावरून म्हणाली, "तानाबाई, वर या. भाडेकरू खाली. वर आल्यावर तुम्ही पावणं."

भीमाप्पांनी स्वतः पाट मांडले. आई पोटभर जेवली. झोपताना म्हणाली, "उद्या सामान लावताना फळी जरा उजवीकडं घेऊ."

पहाटे शांतव्वानं चहासाठी हाक मारली, तेव्हा आई उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

कागदोपत्री आम्हाला त्या दिवशी घर नव्हतं. दुपारी माणसं जमू लागली, तेव्हा भीमाप्पा खाली उतरले आणि त्यांनी कुलूप काढलं. मी करार म्हणाले. ते म्हणाले, "कागद नंतर, पोरी."

ज्या माणसाला अकरा महिन्यांवर एक दिवसही चालत नव्हता, तो तीन महिने कागदाचं नाव घेत नव्हता. मला ते माया म्हणून घेता आलं असतं. पण आई गेल्यावर मी जास्तच सावध झाले होते. आता माझ्या बाजूचं कुणी उरलं नव्हतं.

गारगोटीहून गणपतरावमामा दिवसांना आले आणि जाताना म्हणाले, "कागद न्हाय म्हंजे कवाबी बाहेर काढतील. न्हायतर त्या पोराचा डोळा हाय तुझ्यावर. फुकटात कोण ठेवून घेतंय गं?"

"फुकट नाही मामा. सहाशे देते."

शेजारच्या बनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "सहाशे? अगं, गल्लीत अकराशेच्या खाली खोली न्हाय. आमचा भाडेकरू बाराशे देतोय."

तेव्हापासून मला स्वस्थ झोप येईना. अकराशेचं घर सहाशेला, कागद नाही, मागणी नाही... आणि एक तारखेला मी सहाशे दिले, की सोमशेखर ते न मोजता घाईघाईनं खिशात घालायचा. एकदा तर म्हणाला, "राहू दे की पुढच्या महिन्यात." मी नोटा त्याच्या हातात कोंबल्या. बोटांना बोटं लागली. दोघंही थबकलो... आणि मी दार लावून घेतलं. उपकाराच्या घरात प्रेम करायचं, तर नक्की कशाची परतफेड करतोय हे कसं कळणार?

फेब्रुवारीत मुंबईच्या छापखान्याचं पत्र आलं. जुनी जागा रिकामी होती. एक मार्चपर्यंत वाट बघू, असं लिहिलं होतं. डोंबिवलीत मैत्रिणीबरोबर खोलीही मिळत होती. तिचं भाडं मला नीट कळत होतं. इथलं कळत नव्हतं.

शनिवारी दुपारी मी सरळ शाहूपुरीत अडतीवर गेले. सौदे संपले होते. हमाल गुळाच्या ढेपांना टेकून बसले होते. भीमाप्पा गादीवर होते.

"अप्पा, मी महिनाअखेरीस घर सोडतेय," मी म्हणाले. "पण आधी एक सांगा. अकराशेचं घर तुम्ही आम्हाला सहाशेत का दिलंत? तुम्हाला काय हवं होतं?"

त्यांनी चष्मा काढला. "सहाशे? सहाशेत राजारामपुरीत गोठा मिळंना झालाय, पोरी. अकराशे येतंय की. तुझी आई असताना बी, आन् आता बी. सोमू आणून देतोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. दारात सोमशेखर उभा होता, हातात टेम्पोची किल्ली. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो मागे वळला आणि बाहेर टेम्पोपाशी जाऊन थांबला. मी त्याच्या मागे गेले.

"बोला."

"शपथ हाय."

"कुणाची?"

"मावशींची." तो माझ्या आईला मावशी म्हणायचा. "मोडायची, तर ज्यांनी घातली त्यांनाच इचारायला पायजे. आता कुणाला इचारू?"

"मला विचारा."

त्यानं पायानं टायर दाबून बघितला. मग म्हणाला, "घर बघायला एकट्या आलत्या, तवाच म्हणाल्या. अकराशे ऐकलं तर पोरगी यायची न्हाय, आली तरी टिकायची न्हाय. तिला सहाशे सांगतो. वरचं माझं मी बघतो."

"वरचे पाचशे तिच्याकडे आले कुठून?"

"झुंबरबाईच्या खानावळीत भाकरी करायच्या. तुम्ही कामावर गेला की जायच्या, तुमच्या आधी परत."

करार आईच्या नावावर होता, तो कागद तिनं मला कधी दाखवला नाही. मला ती सांगायची, दुपारी देवळात पोथी ऐकायला बसते. बोटांवर चटके होते. मी विचारलं, तर म्हणायची, तवा लागला. आमच्या घरात दिवसाला चार भाकऱ्या व्हायच्या. चार भाकऱ्यांना किती चटके लागतात? मी अख्ख्या गावावर संशय घेतला. भीमाप्पांवर, दुधाच्या तांब्यावर, याच्यावर. फक्त आई माझ्याकडून न तपासता सुटली.

"ती गेल्यावर पाचशे कुणी दिले?"

"...मी."

"का?"

"त्यांचं खोटं त्यांच्या मागं उघडं कसं पाडायचं? आन्..." त्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "आन् तुम्ही जाशीला, म्हणून."

"म्हणजे मामा खरं बोलले. तुमचा डोळा होता."

"होता की. पेटी उचलली तवापास्नं हाय. ते कुठं लपवलंय मी? पर भाड्याच्या बदल्यात न्हवता. तसं वाटलं असंल, तर पेटी मी उचलतो, स्टँडवर सोडतो. परत तोंड दाखवणार न्हाय."

तो खरंच सोडून आला असता. त्याच्या चेहऱ्याकडे मी पहिल्यांदाच सरळ बघितलं, चूक शोधायची नाही असं ठरवून. बघता बघता मला आईच्या संध्याकाळी आठवल्या. ती रोज विचारायची, "करमतंय का गं तुला हितं?" मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणायचे, "बघू." हो म्हटलं असतं तर कशामुळे, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून बघू. आणि त्या एका शब्दाला घाबरून ती दुसऱ्या दिवशी परत खानावळीत जायची.

"मग? कवाची गाडी धरताय?" त्यानं विचारलं. आवाज नेहमीचा ठेवायचा प्रयत्न चालला होता... जमत नव्हता.

"मी जात नाहीये."

"भाडं अकराशे हाय, मॅडम."

"कळलं. अकराशेच देईन, माझे मी, थेट अप्पांच्या हातात. ते आधी कळलं असतं, तरी मी गेले नसते."

"का?"

हमाल आमच्याकडे बघत होते. भीमाप्पाही दारात येऊन उभे राहिले होते. मी आवाज खाली आणला नाही.

"तुम्ही आवडता म्हणून. पहिल्या महिन्यापासून. हे आईला एकदा, नुसतं एकदा सांगितलं असतं, तर तिनं त्या भाकऱ्या थापल्या नसत्या."