तंबूतला होकार

शनिवारी दुपारी जेवणं आटोपून हर्षद आणि रुचिरा नाहूरच्या सोसायटीतून गाडी काढून निघाले, तेव्हा रुचिराच्या बॅगेत इस्त्री केलेला निळा ड्रेस होता. ही गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी, म्हणजे पुढचा तिचा संताप कुणाला अति वाटायला नको. लग्नाचा वाढदिवस होता. "समुद्रकाठी मुक्काम, सगळं ठरवलंय," असं हर्षद आठवडाभर सांगत होता. समुद्रकाठी मुक्काम म्हटलं की बायकोच्या डोळ्यांपुढे खोली येते, पलंग येतो, निदान संडासाला आतून कडी तरी येते. डिकीत तंबू आहे, हे तिला घोडबंदर रोडवर वाहतुकीत अडकल्यावर कळलं.

"तंबू?"

"अगं, जानेवारीत आपण किनाऱ्या-किनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचंय ना, त्याची ही रंगीत तालीम. एका पैशाचं भाडं नाही. झकास ना?"

हर्षदला फुकट म्हटलं की अंगात यायचं. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठे फुकट तंबू ठोकता येतो, कुठे विहीर आहे, कुठे पोलीस उठवत नाहीत, याच्या खुणा त्याने फोनमधल्या नकाशावर करून ठेवल्या होत्या. पेट्रोल जाळत फुकटची जागा शोधत हिंडायचं आणि सापडली की गड जिंकल्यासारखा फोटो काढायचा, हा त्याचा छंद.

"मला विचारलंस तरी का?" रुचिरा म्हणाली.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीस?"

"मग काय करणार, सांग ना."

सगळा संसार असाच चालला होता. सोफा बदलला, गाडी घेतली, तिच्या आईला बोलवायचं पुढे ढकललं, प्रत्येक वेळी हर्षद आधी ठरवायचा आणि चारचौघांत सांगून मोकळा व्हायचा, "रुचिराला चालेल." घर दोघांच्या पगारावर घेतलेलं, दारावर दोघांची नावं. त्या घरात आपलाही शब्द चालावा, आपलं 'नाही' कुणीतरी 'नाही' म्हणूनच ऐकावं, एवढ्यासाठी ती लग्न झाल्यापासून भांडत होती. त्या दिवशी तर तिच्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. भाईंदर सोडून गाडी उत्तनच्या वळणावळणाच्या रस्त्याला लागली तरी ती खिडकीबाहेरच बघत बसली.

गोराईच्या अलीकडे समुद्रालगत एका माणसाने ओळीने तंबू लावले होते. दिव्यांच्या माळा, गाणी, नळाचं पाणी. खंडू त्याचं नाव. रुचिराला तेवढंही चाललं असतं. पण हर्षदने काच खाली करून विचारलं ते भलतंच.

"पुढे कुठे फुकटात लावता येईल का हो?"

खंडूला राग यायला हवा होता. पण त्याने रस्त्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "पुढे सुरूचं बन लागतं. तिकडे कोणी पैसे मागत नाही साहेब. तिकडे कोणी राहतच नाही, तर मागणार कोण?"

हर्षद खूश होऊन त्याला थँक्यू म्हणाला.

बनात पोचले तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. पलीकडे तिवरं, अलीकडे बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव, पण मांडवावर एकही मासळी नव्हती. बांबू जुने, पांढरे पडलेले. तरीही वास मात्र होता. सुक्या मासळीचा नव्हे, कपडे ओले राहून कुबट व्हावेत तसा. ओहोटीमुळे समुद्र लांब गेला होता आणि वारा पडला होता. कुत्रं नाही, कावळा नाही. हर्षदने शीळ घालत तंबू उभा केला, आत दोन उशा टाकल्या, पडद्याची चेन लावली आणि फोटो काढला. रुचिरा गाडीतून उतरली नाही. दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून ती पुढच्या सीटवर बसून राहिली.

सूर्य बुडता बुडता हर्षदने डबा उघडला. आणि मग त्याने ते केलं, जे त्याच्या घरचे लोक नव्या जागी वस्ती करताना नेहमी करतात. हर्षदचं गाव मालवणकडे. तिकडे जागेच्या धन्याला, म्हणजे तिथल्या न दिसणाऱ्या राखणदाराला, सांगितल्याशिवाय पाठ टेकायची नाही. पानावर भात-भाजीचा घास काढायचा, हात जोडायचे आणि गाऱ्हाणं घालायचं. एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्या घरच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. रुचिरा मुलुंडची, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं; पण सासूबाईंनी, जानकीबाईंनी, शिकवल्यापासून दर खेपेला तिने ते बिनबोभाट म्हटलं होतं.

हर्षद पान घेऊन पाण्याच्या बाजूला गेला. तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. दोघांच्या मध्ये तंबू.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याचो जो कोण धनी आसात, तेका आज हर्षद गाऱ्हाणा घालता म्हाराजा..."

तो थांबला. आता तिने म्हणायचं होतं.

रुचिराने ओठ घट्ट मिटून घेतले. तंबू आणताना विचारलं नाहीस, जागा ठरवताना विचारलं नाहीस, आणि आता होकार तेवढा माझा हवा? नाही म्हणणार. काय करायचं ते कर.

"व्हय म्हाराजा."

आवाज बाईचा होता. अगदी सरळ, शांत, जरासा प्रेमळ. आणि तो रुचिराचाच होता. तिने नकळत आपल्या ओठांना हात लावला. ओठ मिटलेलेच होते.

हर्षदच्या पाठीला उभारी आली. तो जोरात म्हणू लागला, "ह्या दोन लेकरांका आज तुज्या दारात वस्तीक जागो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

आवाज तंबूतून येत होता. बाहेरून चेन लावलेल्या, रिकाम्या तंबूतून.

रुचिरा गाडीतून खाली उतरली. तिकडे हर्षदला चेव चढला होता. दमडी सोडवत नसे, पण शब्द द्यायला काय जातं?

"जसो तू आमका जागो दिलंस, तसो आमच्या घरात तुका जागो आसा म्हाराजा!"

या खेपेला उत्तर लगेच आलं नाही. तंबूचं कापड आतून कोणी टेकल्यासारखं हळूच फुगलं आणि मग आवाज आला, अगदी खुशीत.

"व्हय... म्हाराजा."

रुचिरा धावली. चेन ओढून पडदा फाडल्यासारखा उघडला. आत कोणी नव्हतं. दोन उशा होत्या आणि त्यातली तिची उशी मधोमध दबलेली, ओली होती. उशीला तोच कुबट वास होता.

"बघ! शेवटी म्हणालीस ना?" हर्षद हसत आला. "राग गेला वाटतं."

"मी नाही म्हणाले! मी तोंडच उघडलं नाही. यात... यात कोणीतरी होतं, हर्षद!"

"रुचिरा, मी माझ्या कानांनी ऐकलंय. तुझाच आवाज होता. किती गोड म्हणालीस! आता परत सुरू करू नकोस यार."

तिने वाद घातला नाही. गाडीची किल्ली त्याच्या खिशातून ओढून काढली आणि चालकाच्या सीटवर जाऊन बसली. तो बडबडला, चिडला, मग तंबू गुंडाळून डिकीत कोंबून मुकाट्याने शेजारी बसला. खंडूच्या दिव्यांच्या माळा मागे पडल्या तेव्हा कुठे तिचा श्वास मोकळा झाला. पण गाडीतला वास गेला नाही. काचा खाली केल्या तरी गेला नाही.

घरी पोचल्यावर हर्षद आंघोळीला गेला आणि तिने गावी फोन लावला. जानकीबाई आधी हसल्या. मग तिने सगळं सांगितलं तशा हसायच्या थांबल्या.

"तू गप कित्याक रवलंस गो?"

"राग आला होता आई."

"राग येतलो, पण व्हय म्हणूचा काम घरच्या माणसांचा. जो व्हय म्हणता, तो घरचो." त्यांनी आवाज खाली आणला. "तू नाय, तर कोण म्हणाला मगे?"

रुचिराने फोन ठेवला. न्हाणीघरातून हर्षद कुणाशीतरी बोलत असल्याचा आवाज येत होता. तिला वाटलं, गाणं म्हणतोय.

त्यानंतरचे दिवस हर्षदचे मजेत गेले. तो शीळ घालत कामावर जायचा, शीळ घालत यायचा. "आजकाल तू भांडत नाहीस, किती बरं वाटतं," असं तो एकदा म्हणाला, तेव्हा रुचिरा त्याच्याशी भांडतच होती. मग एके दिवशी त्याचा चुलतभाऊ श्रेयस महिनाभर राहायला येणार असल्याचं कळलं.

"मला न विचारता?"

"विचारलं की काल संध्याकाळी! चटकन हो म्हणालीस."

"काल मी आठपर्यंत ऑफिसात होते, हर्षद!"

त्याने गोंधळून तिच्याकडे बघितलं, पण थोडं बाजूला, तिच्या खांद्यापलीकडे. तिला त्या बघण्याचाच अधिक संताप आला. पुढच्या आठवड्यात त्याने सांगितलं, जानेवारीत महिनाभर किनाऱ्याने फिरायचं नक्की. "सुट्टी मिळाली नाही तर नोकरी सोडते, असं तूच कबूल केलंस." रुचिराने त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. "माझी नोकरी! माझं घर! मी काय म्हणते ते ऐकू येतं का तुला?" तिने हातातला स्टीलचा डबा भिंतीवर आपटला. घसा बसेपर्यंत ओरडली.

हर्षद मोबाइल बघत होता. जरा वेळाने त्याने मान वर करून गॅलरीच्या दाराकडे पाहिलं.

"वारा फार सुटलाय नाही गं आज?"

"हो ना," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

रुचिरा आत धावली. ओट्यापाशी कोणी नव्हतं. फरशीवर ओल होती आणि गॅसवर चहा उकळत होता, दोघांपुरता. शेजारी दोन कप मांडलेले. तिने चहा मोरीत ओतला, कप आपटून फोडले आणि त्या रिकाम्या स्वयंपाकघराला तोंडाला येईल ते बोलली. "माझ्या घरातून निघ, रांडे! तुला बोलावलं त्याने, मी नाही! निघ!" अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून ती बोलत होती, आणि तिच्याच कानांना आपला आवाज शेजारच्या बिल्डिंगमधून आल्यासारखा बारीक ऐकू येत होता.

तिने जानकीबाईंना पुन्हा फोन केला. पलीकडून त्या "हॅलो, कोण बोलता?" असं दोन-तीनदा म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी ती ऑफिसातून आली तेव्हा जिन्यातले दिवे नुकतेच लागले होते. श्रेयस अजून यायचा होता. तिने किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, पण दार हललं नाही. आतून कडी होती. दाराआडून हर्षदचा हसण्याचा आवाज आला, कितीतरी वर्षांत तो असा हसला नव्हता. मधेमधे एक बाई हळूच काहीतरी म्हणत होती. प्रत्येक वेळी एकच शब्द.

रुचिराने बेलवर बोट ठेवलं ते काढलंच नाही.

दार साखळीइतकं उघडलं. फटीतून तो कुबट वास आला आणि हर्षदचा चेहरा दिसला. न्हाऊन आल्यासारखा, ताजातवाना.

"कोण हवंय आपल्याला?" त्याने अदबीने विचारलं.

"हर्षद, फाजीलपणा पुरे. दार उघड."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती, राग नव्हता, ओळखही नव्हती. मग लग्न झाल्यापासून त्याने जे एकदाही केलं नव्हतं ते त्याने केलं. ठरवायच्या आधी मागे वळून विचारलं.

"अगं, बाहेर कोणी बाई आलीय. फार चिडलेली दिसते. आत घेऊ का?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. उत्तर आलं ते रुचिराच्या आवाजात, रुचिराच्याच ठसक्यात.

"नाही."

हर्षदने ते पहिल्याच वेळी ऐकलं आणि दार लावून घेतलं.