उजव्या हाताची चार बोटं

आधीच सांगते, ही गोष्ट बनवलेली नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो यज्ञेश, माझा मावसभाऊ. थोडं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, थोडं मी डोळ्यांनी पाहिलं. गावाचं नाव मात्र विचारू नका. मालवणच्या खाडीकाठची एक वाडी, एवढं पुरे.

आणि रात्र व्हायची वाट बघू नका. यातलं सगळं भर दिवसा घडलं.

भीती मला नंतर वाटली. आधी किळस आली. ती अजून गेलेली नाही.

दोन हजार तेवीस साल. पाच ऑक्टोबर, गुरुवार.

यज्ञेश पीएच.डी. करतो. भातकापणीच्या दिवसांत जो ताप येतो, आपण लेप्टो म्हणतो तो, हा त्याचा विषय. शेतातल्या पाण्यात उंदीर मुततात आणि ते पाणी पायाच्या भेगांतून अंगात जातं. लवकर गोळ्या मिळाल्या तर माणूस चार दिवसांत उठून कामाला लागतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं जातात.

त्याचं काम घरोघर फिरायचं. बोटाला सुई टोचायची, जाड टिपकागदाच्या कार्डावर रक्ताचे थेंब घ्यायचे, आणि माणसाची परवानगी म्हणून फॉर्मवर सही नाहीतर बोटाचा ठसा घ्यायचा. कार्डं तपासणीला शहरात जायची. आकडे आले की संगणकात घालायचे. मग संगणक नकाशावर लाल ठिपके काढून सांगणार, पुढचा ताप कुठे येईल ते.

त्या दिवशी पाच कार्डं भरायची राहिली होती. त्याच्या गाईड सरांचा सकाळपासून तिसरा फोन येऊन गेला होता. "यज्ञेश, आज संध्याकाळी पाकीट गेलंच पाहिजे."

दुपारी साडेबाराला तो त्या वाडीत पोचला. सगळी दारं बंद. माणसं कापणीला गेलेली. कुत्रंसुद्धा नाही...

एकाच घराच्या पडवीत एक म्हातारी बसली होती. सुपात गोलमो घेऊन निवडत होती. त्या सुक्या कोळंबीचा वास आणि वर घोंघावणाऱ्या माशा. तिचं नाव आपोलिना.

"खंयसून इलंस रे पुता?"

यज्ञेशनं काम सांगितलं. म्हातारीनं लगेच हात पुढे केला.

"बरा झाला इलंस. माका दोन दिस ताप आसा. पोटरे असे दुखतत, उठाक जमणा नाय."

पोटऱ्या दुखणं म्हणजे काय, हे त्याला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं त्यानं.

त्यानं सुई टोचली. कार्ड भरलं. म्हातारीच्या बोटातून रक्त येतच होतं. पातळ, थांबायचं नाव नाही. आणि त्याच्या पिशवीत चार कोरी कार्डं होती.

त्यानं दुसरं कार्ड पुढे केलं. मग तिसरं. चौथं. पाचवं.

"माज्या एकटेच्या रगताक पाच कागद कित्याक रे?"

"जास्त तपासणी आसा आजी."

"माजो ताप कसलो, तां माका सांगाक येशीत मां?"

"येतलंय. आठ दिसांत येतलंय."

म्हातारीनं पदरानं बोट पुसलं आणि त्याला मूठभर गोलमो कागदात बांधून दिला. त्यानं तो वळणावर फेकला. वास येत होता म्हणे.

आता चार नावं हवी होती. वाडीच्या कोपऱ्यावर चर्च, त्याच्या मागे दफनभूमी. तिच्या दगडी गडग्यावर बसून त्यानं समोरच्या चार क्रुसांवरची नावं उतरवून घेतली. मिंगेल. जोनाथन. डेल्सी. अँजेला. वयं मनानं टाकली. मेलेल्या माणसाला काय, कमी काय आणि जास्त काय!

राहिले ठसे. त्यानं शाईचं पॅड काढलं. अंगठा सोडून उजव्या हाताचं पहिलं बोट मिंगेलचं. मधलं जोनाथनचं. तिसरं डेल्सीचं. करंगळी अँजेलाची.

हे सांगताना तो हसला होता. माझा भाऊ आहे, पण तेव्हा त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली होती मला.

आठ दिवसांनी रिपोर्ट आले.

आपोलिनाचं स्वतःचं कार्ड बाद झालं होतं. ते एकटंच नीट न सुकता पाकिटात गेलं, त्यावर हिरवी बुरशी आली होती.

बाकीच्या चारही कार्डांत लेप्टो होता.

चार माणसं. रक्त एकीचं. हे जगात एकट्या यज्ञेशला माहीत होतं.

सर तर हवेतच होते. एका वाडीत चार रुग्ण, आणि संगणकानं नेमका तिथंच लाल ठिपका दिलेला! त्यांनी चार जणांच्या नावानं गोळ्यांची चार पाकिटं काढून त्याच्या हातात ठेवली. "आजच्या आज पोचव. आणि पोचल्याच्या सह्या आण. संशोधनाच्या पेपरमध्ये लागतील."

आता बघा. गोळ्या हातात होत्या. ज्या बाईला हव्या होत्या ती पाऊण तासावर होती. मोटरसायकलला किक मारायची, गोळ्या द्यायच्या, परत यायचं. कोणाला कळलंही नसतं.

पण त्याच्या डोक्यात भलतंच आलं. म्हातारीनं विचारलं तर, पाकिटावर मिंगेल कोण? तिनं शेजारी दाखवलं तर? त्यापेक्षा दोन दिवस जाऊ देत, तापच तो, उतरेल आपोआप...

त्यानं खोलीवर बसून चार पोचपावत्या केल्या. पुन्हा तीच चार बोटं.

"पोचलं ना सगळ्यांना?" सरांनी विचारलं.

"हो सर."

शनिवारी सकाळी कॉलेजच्या दारात हजेरीच्या यंत्रावर त्यानं उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवलं.

लाल दिवा लागला.

त्यानं बोट पुसलं. पुन्हा ठेवलं. लाल... पुन्हा लाल...

दोन वर्षं तेच बोट, तेच यंत्र. शिपाई दाजी म्हणाले, "हात धुवन ये रे. किती घाण वास येता."

तेव्हा त्यालाही वास आला.

ओल्या मातीचा. आणि मातीच्या खाली आणखी कसला तरी, हारातली फुलं सडल्यावर येतो तसा.

त्यानं साबणानं हात धुतले. डेटॉलनं धुतले. लॅबमधल्या स्पिरिटनं धुतले. अंगठ्याला वास नव्हता. बाकीच्या चार बोटांना होता. आणि ती चार बोटं गार होती. दुसऱ्या हातानं धरली की कळायचं. दुसऱ्याच कोणाचा तरी हात धरल्यासारखं व्हायचं.

दुपारी खाणावळीत बांगड्याचं तिखलं आणि भात होता. पहिला घास त्यानं कालवला...

तोंडात माती आली. कचकच लागणारी, ओली. त्यात काहीतरी मऊ होतं. ते जिभेवर हललं.

तो ताटातच ओकला.

खोलीवर येऊन त्यानं कोऱ्या कागदावर चारही बोटांचे ठसे उठवले आणि भिंग घेऊन बसला. पहिल्या बोटाचा ठसा भला रुंद, राबलेल्या हाताचा. रेषा झिजलेल्या. तिसऱ्याचा बारीक, बाईमाणसाचा. करंगळीच्या ठशावर आडवा वण होता, जुन्या कापल्याचा.

यज्ञेशच्या करंगळीला जन्मात कधी कापलं नव्हतं.

रविवारी घरी जाऊन त्यानं आईकडून दृष्ट काढून घेतली. सोमवारी शेजारच्या देवळात नारळ दिला. गोळ्या मात्र पिशवीतच. सोमवारी दुपारी त्यानं पाकिटं टेबलावर काढून ठेवली आणि उद्या नक्की जायचं ठरवलं. मंगळवारी सरांबरोबर ओरोसला जिल्हा कार्यालयात मीटिंग निघाली. तिथं पडद्यावर नकाशा लावला होता. लाल ठिपका दाखवून सर बोलत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. यज्ञेश रुमालात हात गुंडाळून मागे बसला होता.

शेवटी बुधवारी पाकिटं पिशवीत टाकून तो गेला. म्हातारीची दया आली म्हणून नव्हे बरं का. करंगळीचं नख निळं पडून हलायला लागलं होतं, म्हणून.

दुपारचा एक वाजला होता. ऊन मी म्हणत होतं.

पडवी रिकामी.

सूप उलटं पडलेलं. गोलमो सांडलेला. त्याच्यावर आता एकही माशी नव्हती...

"आजी?"

आतून आवाज नाही. दार उघडं. पडवीतल्या बाकावर चार जण बसल्यावर उमटतील तसे ओलसर चार डाग. पाऊस आठ दिवसांत पडला नव्हता.

"आता कित्याक इलंस?"

तो दचकला. मागे शेजारचा बाबली उभा होता. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, डोळे सुजलेले.

"आजी गेली. काल सांजेक. इस्पितळात नेलेली, पण मूत बंद झाला हुता तिचा. आता मातयेक जातंव आमी, तिका पुराक."

यज्ञेशनं खांद्यावरची पिशवी पाठीमागे सारली. बाबली बोलत राहिला.

"तुजीच वाट बघी हुती रे ती. शुक्रवारपासून. मी म्हटलां गाडी करतंय, डॉक्टराकडे जावया. ऐकणा नाय. म्हणता कशी, मिंगेल इलो हा. माज्या गोळयो इल्यो हत, त्येच्या नावान. तो पोरगो घेवन येतलो, म्हणान सांगता मिंगेल."

"मिंगेल?"

"तिचो घोव. मरान अठरा वर्सां झाली." बाबलीनं बाकाकडे बोट दाखवलं. "दुपारचो येवन थंय बसता म्हणे. आनी त्येच्या वांगडा आणखी तिगां आसत. मी म्हटलां, ताप डोक्यात गेलो म्हातारेच्या."

नवऱ्याच्या शब्दावर विसंबून ती बाई पाच दिवस दारात बसून राहिली. आणि तो खोटं बोलत नव्हता हो. गोळ्या खरंच त्याच्याच नावानं निघाल्या होत्या. खोटं बोलला तो आमचा यज्ञेश.

चर्चची घंटा वाजायला लागली. बाबली गेला. यज्ञेश जागचा हलला नाही. खांद्यावरच्या पिशवीत काहीतरी खुडबुडत होतं.

त्यानं पिशवी उघडली. गोळ्यांची चारही पारदर्शक पाकिटं... आत माती. सील तसंच. आणि मातीत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

त्यानं पाकिटं तिथंच टाकली आणि पळाला.

इथं तो सुधारला असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. सरांकडे जाईल, खरं सांगेल, पीएच.डी. गेली तर गेली. पण खाई त्याला खवखवे असं नुसतं म्हणायचं. काहींना खवखवत असतानाही भूक लागते.

आपोलिनाचं बाद झालेलं कार्ड अजून यादीत होतं. यादीतली बाई लेप्टोनं मेली असं कोणी शोधून काढलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून त्यानं तिच्या नावाचा एक फॉर्म भरला. 'सदर व्यक्ती गाव सोडून गेली, अभ्यासातून नाव कमी करावे.' खाली ठसा पाहिजे.

उजव्या हाताला एक बोट उरलं होतं. त्यानं अंगठा लावला.

पेपर लिहून छापायला गेला. त्यात लिहिलंय, चारही रुग्ण औषधानं पूर्ण बरे झाले.

दिवाळीत पोहे खायला तो माझ्याकडे सावंतवाडीला आला. बटाट्याचे, दुधाचे, ताकाचे, सगळे केले होते. त्यानं चमचा मागितला. तोही डाव्या हातात धरला. उजवा हात टॉवेलात होता. वास मला दारातच आला होता, पण सणाच्या दिवशी बोलायचं कसं?

खाऊन झाल्यावर त्यानं टॉवेल सोडून हात दाखवला आणि हे सगळं सांगितलं. हाताचं वर्णन मी करणार नाही. तुम्ही जेवत असाल.

"मग आता काय करणारस?" मी विचारलं.

त्यानं पिशवीतून एक फॉर्म काढला. वर त्याच दफनभूमीतलं आणखी एक नाव भरलेलं, खाली ठशाची जागा रिकामी. आणि शाईचं पॅड.

"पुढच्या वर्षाचो प्रोजेक्ट मिळालो, ताई. एकच नाव कमी पडता." तो नजर न उचलता म्हणाला. "डाव्या हाताची माजी हिंमत होणा नाय. तू फक्त एक अंगठो लाव."

मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"चालता हो," एवढंच म्हणाले.

तो उठला. रागावला नाही. वाद घातला नाही. टॉवेल गुंडाळला, कागद घेतला आणि समोरच्या सारिकाच्या अंगणात गेला. ती रांगोळी काढत होती. हा लहानपणापासून तिच्या ओळखीचा, शिकलेला मुलगा. तो काहीतरी म्हणाला. ती हसली. कागदावर काय लिहिलंय ते तिनं वाचलंही नाही. रांगोळीचा हात पदराला पुसला आणि अंगठा पुढे केला.

मी खिडकीत उभी होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मावशीची पीएच.डी. होणाऱ्या लेकावर केवढी आस आहे, तेच तेवढ्यात मनात आलं, आणि मी गप्प राहिले.

सारिका काल विचारत होती, "गो, माज्या हाताक कसलो वास येता?"

मी म्हटलं, "नाय गो. काय येणा नाय."