कोरी कुपी

ताईच्या विहिरीला सील लागून दोन वर्षं झाली होती. त्या भागातली माती माझ्याच प्रयोगशाळेत आली आहे हे कळल्यापासून ताई रोज फोन करायची. "काय म्हणते तुझी माती? किती दिवस लांबून पाणी वाहायचं आम्ही?"

तिच्या घरामागे पूर्वी ड्रायक्लीनिंगचा कारखाना होता. तिथलं क्लोरीनवालं द्रावक जमिनीत मुरलेलं. माती ते धरून ठेवते की विहिरीकडे सोडते, एवढंच मला मोजायचं होतं.

काम सरळ. कुपीत दहा ग्रॅम माती, वर मोजून द्रावक घातलेलं पाणी, घट्ट झाकण. दिवसभर शेकर यंत्रावर हलवायचं. पाण्यातलं जेवढं कमी झालं, तेवढं मातीने धरलं. सोबत एक कोरी कुपी: तेच पाणी, पण माती नाही. तिच्यात काहीच कमी होता कामा नये.

पहिल्या फेरीत मातीच्या कुप्यांत द्रावक शून्य. कोऱ्या कुपीतही शून्य.

"झाकण सैल राहिलं असेल," प्रयोगशाळेतले माझे सर म्हणाले.

नवी झाकणं आणली. शून्य. तिसऱ्या फेरीला वरून मेण ओतलं. शून्य. माती तापवून, धुऊन पाहिली. तिच्यातूनही काही निघेना.

"मग गेलं कुठं? मातीने गिळून ढेकर दिला?" सरांनी विचारलं.

त्या दिवशी जपालाही बसले तर ओठांवर आकडेच येत होते. तेवढ्यात ताईचा फोन. मी वैतागून म्हणाले, "तुमची माती एक थेंब सोडत नाही गं! तेच तर नडतंय."

पुढच्या आठवड्यात चौथी फेरी लावली. शेकर थांबल्यावर कोरी कुपी खिडकीशी नेऊन उजेडात धरली.

तळाशी तांबूस माती होती.

मेण शाबूत होतं.

माझीच चूक असेल, म्हणून दुसरी कोरी कुपी सरांच्या डोळ्यांदेखत भरली. झाकणावर कागदाची पट्टी, पट्टीवर त्यांची सही. दुसऱ्या दिवशी तिच्याही तळाशी माती होती. सरांनी पट्टीवरची सही पुन्हा तपासली.

"टाकून दे," ते हळूच म्हणाले.

मी टाकली नाही. माती वाळवून तोलली.

दहा ग्रॅम.

बाकीच्या कुप्यांतली माती रतीभरही कमी झाली नव्हती.

मी ताईला फोन लावला. "विहिरीच्या पाण्याला हात लावू नका."

"आता सांगतेस? थेंब सोडत नाही म्हणालीस, त्याच संध्याकाळी ह्यांनी सील तोडलं. आठवडा झाला पितोय. काचेसारखं पाणी आहे, वास नाही की चव नाही."

"गाळून घेता ना?"

"दुहेरी फडक्यातून. फडक्यावर कणसुद्धा येत नाही. फक्त सकाळी उठलं की दातांखाली किरकिरतं. सगळ्यांच्याच."