चांदखळ्याचा घुमट

तिसरा गोळा घुमटावर आदळला आणि चांदखळे गाव पायाखालून थरथरलं. बाहेर चंद्राच्या निर्वातात चिटपाखराचा आवाज नव्हता. आत मात्र शिट्टी घुमू लागली. माथ्याला तडा गेला होता. हवा निसटत होती.

"चला गं, भेगेखाली चला!" इरावती ओरडली. ती घुमटाची जीवशास्त्रज्ञ. बाया-बापे गच्चीकडे धावले आणि तोंडं वर करून गाऊ लागले:

भिंतीबाई गं, घे माझा ऊन ऊन श्वास
तुझ्या कुशीत माझ्या लेकराचा वास

नवे गडप्रमुख शेलार नुकतेच राजधानीतून आले होते. ते धापा टाकत वर आले. "बाई, कझाकांनी वेढा आवळलाय आणि गाणी कसली म्हणताय?"

"गाणी नव्हेत, चारा आहे तो. या दगडात सांधजीव राहतात. आपल्या उच्छ्वासातला कर्बवायू आणि ओल खाऊन ते चुनखडी घडवतात, भेग बुजवतात. गाताना माणूस भरभरून श्वास सोडतो."

"मग बुजत का नाही?"

"श्वास अर्धे झाले ना, राव! चांद्रसंघ फुटला आणि आपण कझाक मोहल्ला बाहेर काढला. एवढा मोठा घुमट मराठी आणि कझाक, दोघांच्या श्वासावर पोसला होता."

"कर्बवायूच्या टाक्या?"

"पहिल्याच गोळ्यात गेल्या."

शिट्टी चिरकली. इरावतीची लेक रमा ओवी अर्धीच सोडून खोकत खाली बसली. ओठ निळसर. इरावतीने संदेशयंत्र हिसकावलं.

"येरलान! तोफा थांबव. दार उघडते. गाव तुझं."

"फितुरी!" शेलारांनी पिस्तूल रोखलं.

"घाला गोळी. आणखी एक श्वास कमी होईल."

शेलारांनी पिस्तूल खाली घेतलं.

पलीकडे कझाकांचा म्होरक्या येरलान हसला. पूर्वी तोही याच घुमटाची निगा राखायचा. "आम्हाला हाकलतानाही दार झटकन उघडलं होतंत, ताई."

"एकच अट. आत आल्यावर शिरस्त्राणं काढायची."

"विषारी वायू सोडलायस?"

"अरे वेड्या, मी उघड्या तोंडानेच समोर उभी असेन!"

हवाबंद देवडी उघडली. कझाक शिपाई लोंढ्याने आत घुसून गच्चीवर आले. इरावतीला पाहून त्यांनी शिरस्त्राणं उतरवली. धावून दमलेले, छाती भात्यासारखी हलत असलेले ते शेकडो जण! भेगेची कड पांढरी झाली, सायीसारखी धरू लागली, सरकत सरकत मिटली. शिट्टी थांबली. रमाने खोल श्वास घेतला आणि सगळी गच्ची आनंदाने किंचाळली. शिपाईसुद्धा.

येरलानने बंदूक उंचावली. "गाव जिंकलं! आता मराठी घरं बाहेर!"

"काढ की," इरावती म्हणाली. "वेढा घालायला फुटलेल्या संघाच्या आणखी चार फौजा टपल्यात. पुढचा तडा कुणाच्या श्वासाने बुजवशील?"

येरलानने वर पाहिलं. ओल्या चुनखडीवर नजर खिळली. मग तो संदेशयंत्रात गरजला, "तळावरची बायकापोरं आणा! म्हातारीकोतारीसुद्धा! एकही माणूस बाहेर ठेवू नका!"

"म्हणजे जिंकलं कोण?" शेलार पुटपुटले.

"ते नंतर बघू, राव," येरलान त्यांना कोपरखळी मारत म्हणाला. "आधी तोंड वर करा आणि गा."