फक्त नवीन तेवढंच

आमची कंपनी लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर बनवते. त्याचं पॅकेज बांधून गिऱ्हाइकाला देणं हे माझं काम. प्रत्येक पॅकेजच्या वेळी मुख्य सर्व्हरवरून सगळा सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, अगदी पहिल्या दिवसापासूनच्या बदलांसकट, नव्याने उतरवला जायचा. ऑफिसचं नेट रडकुंडीला यायचं आणि बोलणी मी खायची. शेवटी मी कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर सोर्सची एक प्रत ठेवली. सगळं एकदाच उतरवायचं, पुढे फक्त नवीन बदल तेवढे आणायचे. कामं चुटकीसरशी होऊ लागली.

साहेब खूश झाले. त्यांच्या कौतुकाची मला शिसारी यायची. लिफ्टच्या दारांचा प्रोग्राम माझ्या थोरल्या बहिणीने लिहिला होता. दारात हात अडकून एक मेकॅनिक जायबंदी झाला, तेव्हा साहेबांनी सगळं खापर तिच्यावर फोडून तिला घरी बसवलं. मग तोच प्रोग्राम खपतोय म्हटल्यावर प्रत्येक बदलावर लिहिणाऱ्याचं नाव असतं, तिथलं तिचं पुसून स्वतःचं घातलं. ताई त्या धक्क्यातून उठलीच नाही, त्यातच गेली. मी मात्र नोकरीला चिकटून राहिले. साहेबांचं वाटोळं मला डोळ्यांनी बघायचं होतं.

एका सकाळी प्रतीत एक नवीन बदल आला. दारांच्या प्रोग्राममध्ये एक ओळ, आणि लिहिणाऱ्याच्या जागी ताईचं नाव. मुख्य सर्व्हरवर तो बदल नव्हता. प्रत तर तिथूनच सगळं आणते. मी पासवर्डपासून तारांपर्यंत सगळं तपासलं. दुपारी आणखी एक ओळ आली. मी त्या ओळींसकट पॅकेज बांधलं. नवं पॅकेज आधी आमच्याच इमारतीच्या लिफ्टवर चढवून बघतात, तसं चढवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते नाव पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हा चावटपणा तुझा?"

"नाही, साहेब."

"पुसून टाक ती प्रत. पहिल्यापासून उतरव सगळं."

मी त्यांच्यादेखत पुसली आणि पुन्हा उतरवली. आता दारांच्या एकूण एक बदलावर ताईचं नाव होतं.

साहेबांनी मशीनची नेटची तार उपटली. तरीही एक नवीन बदल आला.

"कोण पाठवतंय हे?"

"नाव लिहिलंय की, साहेब."

ते तळघरातला मुख्य सर्व्हरच बंद करायला निघाले. जिन्याने जा, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. लिफ्टचं दार मिटताना मला फार बरं वाटलं.

लिफ्ट तळघरात पोचली. दार उघडलं. समोर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला आत कुणीच दिसलं नाही.

लिफ्टचा खड्डा, छत, सगळं धुंडाळून झालं. मी जागेवर येऊन बसले. तार तशीच लोंबत होती. पडद्यावर एक नवीन बदल होता, लिहिणाऱ्याच्या जागी साहेबांचं नाव. ओळ एवढीच: दार उघडा.

थोड्या वेळाने पुन्हा तीच.

संध्याकाळचं पॅकेज बांधायचं होतं. त्यात कुठले बदल घ्यायचे ते मीच ठरवते. साहेबांचे वगळले.